कळसूबाई साठ मीटरनं कमी का भरली?

मनगटावरची यंत्रं : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरून गडांच्या वाटा सुकायला लागल्या की या सदराकडे पत्रांची रीघ लागते. या वेळची बहुतेक पत्रं उंची, हवेचा दाब आणि होकायंत्र असलेल्या घड्याळांची आहेत. नाशकात मेन रोडवरच्या माझ्या दुकानातही हल्ली हीच घड्याळं जास्त येतात, आणि त्यातली बरीचशी मुळात बिघडलेली नसतातच. घड्याळ नेमकं काय मोजतं हे विकताना कुणी सांगत नाही, म्हणून चांगलं यंत्र ‘खराब’ ठरतं. मला याचं फार वाईट वाटतं, म्हणून या वेळी पहिलं उत्तर जरा लांबवतो.

संगमनेरहून एक शिक्षक लिहितात : मुलांना घेऊन कळसूबाईला गेलो होतो. बारी गावात सकाळी सव्वासहाला नकाशावरची उंची घड्याळात भरली. पावणेदहाला माथ्यावर देवळापाशी घड्याळ १५८८ मीटर दाखवत होतं. मुलांना १६४६ मीटर सांगून ठेवलं होतं! दुपारी चारला बारीत परतलो, तर सकाळी भरलेल्या आकड्यापेक्षा १६ मीटर जास्त. दुकानदार म्हणतो सेन्सर गेला. नवीन घ्यावं का?

गुरुजी, घड्याळ बदलू नका. तुमचा सेन्सर उत्तम चालतोय, इतका की त्यानं त्या दिवशीच्या हवेचा सगळा हिशेब तुमच्यापुढे मांडला.

तुमच्या घड्याळात उंची मोजणारं असं काहीच नाही. आत आहे तो हवेचा दाब मोजणारा एक बारीक सेन्सर. वर जावं तसा दाब कमी होतो. आपल्या डोंगरांच्या उंचीवर साधारण ९ ते १० मीटर चढलं की एक हेक्टोपास्कल (हे दाब मोजायचं एकक). घड्याळ दाबातला फरक घेतं आणि एका ठरलेल्या कोष्टकावरून त्याची उंची करतं. आता तुमच्या साठ मीटरचं बघू.

दोन गोष्टी एकत्र आल्या. पहिली, ऊन. ते कोष्टक ‘प्रमाण वातावरणा’चं आहे. समुद्रसपाटीला १०१३.२५ हेक्टोपास्कल दाब, १५ अंश सेल्सिअस तापमान आणि दर हजार मीटरला साडेसहा अंश घट, असं त्यात गृहीत धरलंय. त्या हिशेबानं बारी आणि माथा यांच्या मधोमध, म्हणजे १२०० मीटरच्या आसपास, ७ अंश तापमान हवं. आपल्याकडे पावसाळ्यानंतरच्या सकाळी तिथं २० अंश तरी असतात. गरम हवा विरळ असते, त्यामुळे तेवढंच चढूनही दाब कमी उतरतो आणि घड्याळ चढ कमी मोजतं. दहा अंश फरकाला साधारण साडेतीन टक्के असा हा हिशेब बसतो. चढ साडेआठशे मीटरचा धरला तर चाळीस मीटर इथंच गेले.

दुसरी गोष्ट मला या विषयातली सगळ्यात सुंदर वाटते. हवेलाही भरती-ओहोटी असते. उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास आणि रात्री दहाच्या सुमारास तो सर्वांत जास्त असतो, पहाटे चारला आणि दुपारी चारला कमी. सूर्यामुळे वातावरण तापतं, त्यातून हे घडतं. आपल्या पठारावर सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दाब तीन-चार हेक्टोपास्कलनं उतरतो, म्हणजे घड्याळाच्या भाषेत तीस-पस्तीस मीटर. तुम्ही सव्वासहाला उंची भरलीत तेव्हा दाब चढायला लागला होता. पावणेदहाला तो जवळपास शिगेला होता. दाब वाढला की घड्याळाला वाटतं आपण खाली आलो. त्यात वीसेक मीटर गेले. चाळीस आणि वीस, तुमचे साठ मीटर जमले. दुपारी चारला दाब तळाला, म्हणून त्याच बारी गावात १६ मीटर जास्त दिसले.

मुलांना हे वर्गात करून दाखवा. घड्याळ टेबलावर ठेवायचं, सकाळी दहापासून शाळा सुटेपर्यंत दर तासाला उंची लिहायची. शाळेची इमारत हळूहळू वर चढताना दिसेल. भरती-ओहोटी बघायला त्यांना कोकणात जायला नको.

पुढच्या वेळी काय करायचं? पायथ्याला उंची भरा, ते बरोबरच केलंत. वाटेत ज्या ठिकाणाची उंची पक्की माहीत असेल तिथे पुन्हा भरा, आणि माथ्यावर १६४६ भरूनच उतरायला लागा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशावर खिंडी आणि माथ्यांजवळ उंचीचे आकडे छापलेले असतात, ते निघण्यापूर्वी वहीत उतरवून घ्या. गावाकडून रेल्वेनं निघणाऱ्यांसाठी त्याहून सोपं साधन म्हणजे स्टेशनची पिवळी पाटी. नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. मी तर इगतपुरीला गाडी थांबली की पाटी बघून घड्याळ जुळवतोच.

जीपीएसची उंची वापरली तर हा घोळ होत नाही, पण तिचे घोळ वेगळे. उपग्रह डोक्यावर असतात, पायाखाली नाहीत, म्हणून जीपीएस जागा जितकी नेमकी सांगतं तितकी उंची सांगत नाही, आणि कड्याखाली तर ती उड्याच मारते. चांगली घड्याळं दोन्ही एकत्र वापरतात. दिवसभरात एकूण किती चढलो हे बघायचं असेल तर दाबाचा सेन्सरच हवा.

आणखी एक. सेन्सरपर्यंत हवा पोचते ती घड्याळाच्या कडेच्या बारीक भोकांतून. तिथे चिखल, घामाचं मीठ किंवा सनस्क्रीन बसलं की आकडा अडकतो आणि मग एकदम पन्नास मीटरनं उडी मारतो. कोमट साध्या पाण्यात घड्याळ थोडा वेळ बुडवून ठेवा, मऊ ब्रशनं वरवर घासा, पुन्हा धुवा, सुकू द्या. टाचणी, सुई, काडी आत घालू नका, आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेचा झोत तर अजिबात नको. आतला पडदा फार नाजूक असतो. दुकानात आलेल्या ‘सेन्सर गेला’ म्हणणाऱ्या घड्याळांपैकी काहींचे सेन्सर खरोखर गेलेले असतात, ते टाचणीमुळे.

भोरहून एक वाचक : घड्याळात वादळाची सूचना देणारा अलार्म आहे. राजगड चढताना तो दोनदा वाजला, आकाश निरभ्र होतं. उलट गेल्या मे महिन्यात पद्मावती माचीवर वळवानं झोडपलं, तेव्हा मात्र अलार्म गप्प. बंद करून टाकू का?

चढताना बंद ठेवा, मुक्कामाला चालू करा. असा अलार्म ठरावीक वेळात दाब ठरावीक प्रमाणात उतरला की वाजतो. सुंटो कंपनीच्या ‘कोअर’ घड्याळात ही मर्यादा तीन तासांत ४ हेक्टोपास्कल अशी आहे. तुम्ही चाळीस मीटर चढलात की तेवढा दाब उतरतोच. हवा बिघडली की माणूस चढला, हे दाबावरून घड्याळाला कळायला मार्ग नाही. म्हणून अशा घड्याळांत दोन अवस्था दिलेल्या असतात. चालताना उंचीची ठेवायची, म्हणजे दाबातला फरक चढ-उतार म्हणून धरला जातो. मुक्कामावर दाबाची ठेवायची, म्हणजे तोच फरक हवामान म्हणून धरला जातो. काही घड्याळं हे आपोआप बदलतात, पण रमतगमत चालणाऱ्यांच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकतो. हातानं बदललेलं बरं.

वळवाचं मात्र वेगळं आहे. एप्रिल-मेचा गडगडाटी पाऊस हा दहा-पंधरा किलोमीटरच्या टापूत दुपारच्या तापण्यातून उठतो. तो यायच्या आधी दाब फारसा उतरत नाही. ढगातून थंड हवेचा लोंढा खाली आदळतो तेव्हा दाब उलट एकदम चढतो, आणि त्या वेळी तुम्ही आधीच भिजत असता. चक्रीवादळ किंवा कमी दाबाचा पट्टा येत असेल तर घड्याळ खरोखर उपयोगी पडतं. झोपताना उंची वाचून ठेवा. रात्री दहा ते पहाटे चार दहा-पंधरा मीटर वाढ रोजचीच, पण तीस-चाळीस मीटर वाढली असेल तर उजाडताच आवरायला घ्या.

विजेसाठी घड्याळावर विसंबू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा, रेंज असेल तिथे ते जवळ पडणाऱ्या विजा दाखवतं. रेंज नसेल तर डोळे आहेतच. मे महिन्यात दुपारनंतर फुलकोबीसारखे ढग वर चढताना दिसले की माथा, झेंड्याचा खांब, लोखंडी कठडा आणि एकटं झाड सोडून खाली या. याबाबतीत मी कुणाचंही ‘अजून वेळ आहे’ ऐकून घेत नाही.

मालवणहून एक पर्यटक-मार्गदर्शक : घड्याळावर ‘१०० मीटर’ लिहिलंय. मी तारकर्लीला पाच-सहा मीटरपेक्षा खोल कधी जात नाही. तरी काचेच्या आत वाफ धरलीय. तांदळात ठेवलं, गेली. दुसऱ्या दिवशी परत आली.

तो १०० मीटरचा आकडा खोलीचा परवाना नव्हे. प्रयोगशाळेत, नव्या घड्याळावर, स्थिर पाण्याचा तेवढा दाब देऊन केलेल्या चाचणीचा तो आकडा आहे. रोजच्या वापराच्या घड्याळांना आयएसओ २२८१० हे मानक आहे. पाणबुड्यांच्या घड्याळांना वेगळं आणि कडक असं आयएसओ ६४२५ आहे. तुमचं काम रोज समुद्रातलं, तर पुढचं घड्याळ दुसऱ्या मानकाचं घ्या. पोहताना हाताचा फटकारा बसतो, पाण्यात बटण दाबलं जातं, उन्हात तापलेलं घड्याळ एकदम गार पाण्यात जातं. चाचणीत यातलं काही नसतं.

पाणी अडवतात ती आतली रबरी रिंगं. मागच्या झाकणाला एक, आणि प्रत्येक बटणाच्या दांड्याला बारीक बारीक. झाकणाचं रिंग शेवयाएवढं असतं. मी घड्याळ उघडतो तेव्हा आधी भिंग लावून ते रिंगच बघतो. चांगलं असेल तर गोल, ओलसर काळं दिसतं. म्हातारं झालं की चपटं होतं, चकाकी जाते, ताणलं तर परत जागेवर येत नाही. कधी त्याच्यावर एखादा केस आडवा पडलेला असतो, कधी वाळूचा एक कण. तेवढी वाट पाण्याला पुरते. सेल बदलताना घाईत बसवलेल्या झाकणाखाली हे नेहमी सापडतं. म्हणून सेल बदलाल तेव्हा रिंग बदला असं मी सांगतो, आणि खाऱ्या पाण्यात रोज जाणाऱ्यांनी तर दोन वर्षांपलीकडे थांबूच नये. रिंगाला सिलिकॉन ग्रीसचा पुसटसा हात द्यायचा. खोबरेल नाही, व्हॅसलिन नाही.

तांदळानं काही होत नाही. बंद घड्याळातली वाफ तांदूळ ओढणार कुठून? खोलीत उष्णता बदलली म्हणून ती दिसेनाशी झाली, एवढंच. आत ओल आहे की नाही हे घरी बघता येतं. घड्याळ मुठीत धरून चांगलं उबदार होऊ द्या, मग काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवा. मिनिटभरानं थेंब पुसा. त्या जागी आतून धुकं दिसलं तर ओल आत आहे. घड्याळजी लोक हीच चाचणी चाळीस-पंचेचाळीस अंशांच्या तव्यावर घड्याळ ठेवून करतात.

तुमच्या घड्याळात वाफ परत आली, म्हणजे चाचणीचीही गरज नाही. खारं पाणी आत गेलं असेल तर एक दिवसही थांबू नका, कारण मीठ आतल्या सर्किटचे तांब्याचे मार्ग खातं. उघडून, साफ करून, सुकवून, रिंगं बदलून, मग दाब-चाचणी करून देणाऱ्याकडेच द्या. यंत्रावर दाब देऊन दाखवणार का, हे आधी विचारा. दाखवत नसेल तर दुसरीकडे जा. पुढे रोजचा नेम एकच ठेवा, समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्यात पाच मिनिटं ठेवायचं, आणि पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत. गरम पाण्याच्या आंघोळीला ते काढूनच ठेवा. ऊन पाणी आणि साबण रिंगांना समुद्रापेक्षा जास्त छळतात.

जळगावहून एक निवृत्त वनपाल : मुलानं जपानहून सोलर घड्याळ आणलं. वर्षभर कपाटात होतं. आता काढलं तर पडदा कोरा. इथल्या दुकानात सीआर १६१६ सेल टाकून देतो म्हणाले. टाकू का? शिवाय ते रेडिओवरून आपोआप वेळ लावतं म्हणतात, आमच्याकडे कधीच लावत नाही.

सीआर १६१६ टाकू देऊ नका. हे मी ठणकावून सांगतो. कॅसिओच्या अनेक सोलर घड्याळांत सीटीएल १६१६ नावाचा पुन्हा चार्ज होणारा सेल असतो. मापानं दोन्ही सारखे, त्यामुळे तो बसतो, घड्याळ चालतंही. पण सीआर सेल चार्ज करण्यासाठी केलेलाच नाही. वरून ऊन पडलं की घड्याळ त्यात वीज ढकलत राहतं. मग तो फुगतो, गळतो, फुटूही शकतो, आणि ते घड्याळ तुमच्या मनगटावर असतं.

आधी काहीच खर्च न करता एक करा. अंधारात राहिलं की ही घड्याळं पडदा बंद करून झोपतात. एक बटण दाबा, उजेडात धरा. जागं झालं नाही तर सकाळच्या कोवळ्या उन्हात, पडद्याचं तोंड सूर्याकडे करून, काही दिवस ठेवा. खिडकीच्या काचेआड ठेवलंत तर वेळ जास्त लागेल. गाडीच्या डॅशबोर्डवर मात्र नको. जळगावच्या उन्हात तिथे घड्याळ भाजून निघतं आणि सेल त्यातच मरतो. तेवढ्या दिवसांत बॅटरीची खूण वर सरकली नाही तर सीटीएलच बसवून घ्या. नवा सेल टाकल्यावर कारागिरानं आतल्या पट्टीवर ‘एसी’ कोरलेल्या ठिपक्याला आणि सेलच्या धन बाजूला चिमट्यानं दोन सेकंद जोडायचं असतं, नाहीतर पडदा कोरा राहतो किंवा अक्षरं वेडीवाकडी येतात. असं झालं की ‘मशीनच गेलं’ म्हणून घड्याळ परत देतात. तुम्ही स्वतःहून ‘एसी केलं का?’ विचारा.

रेडिओचं असं आहे की वेळेचे हे संदेश देणारी केंद्रं जपान, चीन, अमेरिका, इंग्लंड आणि जर्मनीत आहेत. आपल्याकडे त्यांचा संदेश पोचत नाही. शहर ‘डीईएल’, म्हणजे दिल्ली, निवडा, साडेपाच तासांचा फरक त्यात आहे, आणि महिन्यातून एकदा हातानं वेळ लावा. साधं क्वार्ट्झ यंत्र महिन्याला पंधरा सेकंदांपलीकडे सहसा जात नाही. नवं घेणाऱ्यांनी या रेडिओसाठी जास्त पैसे मोजू नयेत. ते पैसे चांगल्या काचेवर खर्च करा. सोलर घड्याळ वापरात नसेल तर कपाटाच्या आत नको, खिडकीशेजारच्या खुंटीला टांगा.

पुण्याहून एक आयटी अभियंता : सिएटलच्या भावाकडून त्याचं जुनं घड्याळ घेतलं. साल्हेरच्या माथ्यावर परशुरामाच्या देवळाजवळ खडकावर ठेवून दिशा घेतली, तर होकायंत्र नकाशाशी चाळीस अंश जुळेना. पुण्यात घरी मात्र पंधराच अंश चुकतं.

यात दोन वेगळी कारणं आहेत. पंधरा अंश सिएटलचे आहेत. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात प्रत्येक ठिकाणी वेगळा फरक असतो. सिएटलला तो पंधरा अंशांच्या आसपास आहे आणि भावानं तो घड्याळात भरून ठेवला असणार. महाराष्ट्रात हा फरक जेमतेम एका अंशाच्या आत आहे. सेटिंगमध्ये जाऊन शून्य करा. पडताळा रात्री घ्या, उघड्या मैदानात ध्रुव तारा बघून. आपल्याकडे तो क्षितिजापासून वीस अंशांच्या आसपास वर असतो, हात लांब करून दोन मुठी.

साल्हेरचे उरलेले अंश खडकाचे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट लाव्हापासून झालेला आहे आणि त्यात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण असतात. त्यात माथ्यावर विजा पडतात. वीज पडली की तिथला खडक जोरदार चुंबकित होतो, आणि ते चुंबकत्व टिकून राहतं. त्यामुळे माथ्यावर एका खडकाशी एक दिशा आणि दहा पावलांवर दुसरी, असं होऊ शकतं. घड्याळ खडकावर ठेवायचं नाही. छातीच्या उंचीवर आडवं धरायचं, दिशा घ्यायची, दहा-पंधरा पावलं सरकून पुन्हा घ्यायची. दोन्ही जुळल्या तरच त्या मानायच्या. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर उभं राहून घेतलेली दिशाही अशीच वाया जाते, आणि मागे चुंबक असलेलं फोनचं कव्हर सॅकच्या पट्ट्यात असेल तर तीच गत. नवा सेल टाकल्यावर किंवा लांबचा प्रवास केल्यावर होकायंत्र मोकळ्या जागी, गाड्यांपासून दूर, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे सावकाश फिरवून जुळवून घ्या.

म्हापशाहून एक गृहिणी : मुलगा अमेरिकेत असतो. रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र भावोजींना हिमालयासाठी आणतो म्हणतो. आणू दे का?

नको, वहिनी. ते इकडे आणू नका. दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय उपग्रह-फोन आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रं भारतात बाळगायला मनाई आहे. गोव्याच्या विमानतळावरच परदेशी पाहुण्यांना यावरून थांबवल्याच्या बातम्या आल्या आहेत. घड्याळातलं जीपीएस नुसतं ऐकतं, उपग्रहाला काही पाठवत नाही, ते चालतं. खरेदी करताना एवढंच बघा की घड्याळ स्वतः उपग्रहाला संदेश पाठवत नाही ना. भावोजींना संदेशाची सोय हवी असेल तर परवानगी असलेला उपग्रह-फोन बाळगणाऱ्या संस्थेबरोबर जाऊ दे, आणि निघताना वाट व परतीची तारीख घरी लिहून ठेवायला सांगा.

चिपळूणहून एक वाचक : दहा-बारा वर्षांच्या घड्याळाचा पट्टा चिकट झालाय, कडा बिस्किटासारखी तुटतेय. कोणतं तेल लावू?

कोणतंच नको. तो पट्टा पॉलियुरेथेनचा आहे. हवेतल्या ओलाव्यानं त्याची रचना आतून तुटत जाते, आणि कोकणात ओलावा कमी कधी असतो? चिकटपणा आला म्हणजे ते आतपर्यंत गेलंय. पट्टा आणि बाहेरचं आवरण बदला. त्याच मॉडेलचं मागा, कारण अशा घड्याळांचे पट्टे नुसत्या रुंदीवर बसत नाहीत, खाचही जुळावी लागते. बदलताना स्प्रिंगची पिनही नवी टाका; दहा वर्षं घाम खाल्लेली पिन एक दिवस नदीत दगा देते. नव्या पट्ट्याला घाम धुऊन सुकवत जा, डांबरगोळ्यांच्या कपाटात ठेवू नका. ‘डीट’ हे रसायन असलेलं डासांचं औषध लावलं तर हात पुसून मगच घड्याळाला हात लावा. ते प्लॅस्टिक विरघळवतं, काचेच्या जागी प्लॅस्टिक असलेल्या घड्याळांवर त्याचे ठसे कायमचे राहतात.

पुण्यातल्या एका महाविद्यालयीन धावपटूचा निरोप : काका, घड्याळाखाली मनगटावर लाल चट्टा आलाय. नाडी नीट यावी म्हणून घट्ट बांधते. रात्रीही काढत नाही. ॲलर्जी असेल का?

बाळा, आधी घड्याळ धू. बहुतेक वेळा हा चट्टा रबराचा नसतो, पट्ट्याखाली अडकलेल्या घामाचा, साबणाचा आणि ओलाव्याचा असतो. धावून आलीस की पट्टा आणि मागची बाजू साध्या पाण्यानं धुवायची, मनगट आणि घड्याळ दोन्ही कोरडी करूनच पुन्हा घालायचं. नाडी मोजणारा हिरवा प्रकाश त्वचेला टेकला की पुरे. धावताना घट्ट, एरवी सैल, आणि मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांध. चार्जरला लावण्याआधी मागचे धातूचे ठिपकेही कोरडे हवेत, नाहीतर घामाच्या मिठानं ते हिरवे पडतात आणि चार्जिंग बंद होतं.

जोराच्या धावण्यात खरी नाडी हवी असेल तर छातीचा पट्टा घे. मनगटावरचा प्रकाश हाताच्या हेलकाव्यानं गोंधळतो, आणि सिंहगडावर डिसेंबरच्या पहाटे हात गार पडले की त्याहून जास्त. तोवर आठवडाभर घड्याळ दुसऱ्या हाताला, रात्री काढून. आठवड्यात लाली गेली नाही किंवा पाणी सुटायला लागलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखव. त्या काळात धावायला जाशील तेव्हा घड्याळ बॅगेच्या खांद्याच्या पट्ट्याला बांध. वेळ, अंतर आणि उंची तिथूनही मिळते, फक्त मनगटावरची नाडी मोजणं सेटिंगमध्ये जाऊन बंद कर, म्हणजे बॅटरीही उगाच जाणार नाही.